खारे दाणे, दोन मिरच्या, नुसता रस्सा

गयाक्का, तुझं बोलणं मी दोनदा लिहायचो. एकदा वहीत, तू बोललीस तसं. आणि महिनाअखेरीला एकदा फॉर्मवर, वरच्या ऑफिसला हवं असायचं तसं. आज तिसऱ्यांदा लिहायला बसलोय आणि तू नाहीस. परवा देवगाव फाट्यावर तुझ्या दहाव्याला येऊन गेलो. तुझ्या हॉटेलची कढई पालथी घालून ठेवली होती. तुझी कढई पालथी मी आयुष्यात दोनदाच पाहिली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती सरळ करणं माझ्या हातात होतं. मी केली नाही. तेच सांगायला बसलोय.

तुला सगळं माहीत होतं. पण हे तुझ्यासोबत ज्यांना कळायला हवं होतं, त्यांना इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

पूर्णा स्टेशनच्या पलीकडे, रुळांच्या खालच्या अंगाला हातभट्टीचा गुत्ता होता. त्याच्या दाराबाहेर तुझा गाडा. भजी, तळलेल्या मिरच्या, खारे दाणे आणि सकाळी झणझणीत रस्सा. मी तेव्हा तिशीतला. आमची संस्था क्षयाच्या रोग्यांसाठी काम करायची. रोगी दोन महिने गोळ्या घेत, बरं वाटलं की सोडून देत, आणि सोडणाऱ्यांत पिणारे जास्त. आमचे डॉक्टर म्हणायचे, "सोड म्हटल्यानं कुणी दारू सोडत नाही. सोडेल तेव्हा सोडेल, तोवर त्याला जिवंत ठेवायचं. जा, ते काय पितात, कसे पितात, ते बघून ये." म्हणून मी सायकल घेऊन गुत्त्यावर आलो. हातात फॉर्मांचा गठ्ठा, खिशात पेन, आणि चेहऱ्यावर जगाचं भलं करायला निघाल्याचा भाव असणार.

"काय लिव्हायलाव, साहेब?" तू झाऱ्यानं भजी उलटत विचारलंस.

"कोण किती पितो ते."

"आन् ते खरं सांगायलेत?"

"सांगतात की."

तू मोठ्यानं हसलीस. बाकावरचे चार-पाच जणही हसले. "आवो, बायकूला सांगत न्हाईत ते तुमाला सांगतील व्हय? ह्यो बगा, ह्यानं किती सांगितली?"

"एक ग्लास," मी म्हणालो.

"एक ग्लास तं ह्यो चूळ भरायला घेतो!"

त्या दिवशी तू माझा फॉर्म मोडीत काढलास. कागद खिशात घाल, बस, भजी खा आणि ऐक, एवढंच म्हणालीस. मी बसलो. साहेबाचा मास्तर झालो. तू मला अक्का म्हणायला लावलंस, मी अक्का म्हणता म्हणता तुला अरेतुरे करायला लागलो. तू मात्र मला 'तुमी' म्हणणं सोडलं नाहीस. वही हातात असलेल्या माणसाला तुझ्याकडे मान होता. तो मान मी सांभाळला नाही.

तू बोरीची. नवरा मेंढरं राखायचा. तो पिऊन पिऊन गेला असं लोक म्हणायचे. तू म्हणायचीस, "दारूनं न्हाई मेला. उपाशी मेला. दिसभर रानात, आन् संध्याकाळी रिकाम्या पोटात वतायचा." म्हणून तू गुत्त्याच्या दारातच गाडा लावला होतास. गिऱ्हाईक मिळतं म्हणून लावलाय असं मला आधी वाटलं होतं. मग पाहिलं, आत जाणाऱ्याला तू हाक मारायचीस, "ये रे, आदी खा, मंग पी." कुणी टाळून सरळ आत शिरला तर पुढच्या खेपेला त्याच्याशी बोलायची नाहीस. तुझ्या अबोल्याला ती दांडगी माणसं भ्यायची.

आमच्या डॉक्टरांना जे दहा बैठकांत कुणाला समजावता आलं नव्हतं, ते तू कढईपाशी उभी राहून रोज करत होतीस. क्षयाच्या रोग्यांना तू म्हणायचीस, "आधी गोळी दाखीव, तोंडात टाक, मंग भजी." आणि ते खिशातून पुडी काढून मुकाट्यानं गिळायचे. आमच्या केंद्राचं काम चांगलं दिसायला लागलं ते तुझ्यामुळे. औरंगाबादच्या बैठकीत माझं कौतुक झालं. ही कल्पना कुठून आली, असं विचारल्यावर मी म्हणालो, "क्षेत्रातल्या निरीक्षणातून." क्षेत्रातलं निरीक्षण! तुझं नाव घेतलं असतं तर माझं काय जाणार होतं? पण कौतुक ऐकताना मजा वाटत होती.

नावाची गोष्ट निघालीच आहे तर तेही सांगतो. मी वहीत पहिलं नाव लिहायला घेतलं तेव्हा तू माझा हातच धरलास. "नाव लिव्हू नका. नाव लिव्हलं की मानूस गप बसतो. ह्यांच्या घरच्यांला कळंल, रेल्वेतल्या सायबाला कळंल. मंग तुमची वही कोरीच ऱ्हाईल."

"मग कोण कोणता हे मला कसं कळणार?"

"काय खातो ते लिव्हा. मी तसंच याद ठेवते."

तेव्हापासून माझ्या वहीत माणसं नव्हती, त्यांचं खाणं होतं. 'खारे दाणे' म्हणजे रुळांवर काम करणारा तो उंच माणूस. 'दोन मिरच्या' म्हणजे हमाल. 'नुसता रस्सा' म्हणजे तो म्हातारा, ज्याला दात नव्हते. आणि तू? "माझं बी नाव नगं," म्हणालीस. मी तुला 'कढई' लिहायला लागलो. "कढई म्हणते, खारे दाण्याचे हात सकाळी थरथरतात." "कढई म्हणते, दोन मिरच्याची बायको माहेरी गेली, तो जास्त प्यायला लागला." असं सगळं.

फॉर्मवर मात्र एकच प्रश्न होता. दारू सोडली का? होय किंवा नाही. तू तो माझ्याकडून वाचून घेतलास.

"'उपाशी पीत न्हाई' असा रकाना कामून न्हाई?"

"छापलेला फॉर्म आहे, अक्का."

"मंग काढा की. रेघ मारायला काय दारू लागती का?"

मी पट्टीनं रेघ मारून रकाना काढला. 'खाऊन पितो.' डॉक्टर खूश झाले. पुढच्या छपाईत तो रकाना आला. तुझा रकाना. अक्का, तू सांगितलेली आणि मी जशीच्या तशी फॉर्मवर घातलेली ती एकच गोष्ट. आणि तीच तुझ्यावर उलटली.

आपलं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. तू म्हणायचीस, "तुमी मोजायलाव, मी ऐकायले." मी म्हणायचो, ऐकीव गोष्टींवर कार्यक्रम चालत नाहीत. तू विचारायचीस, "मंग कशावर चालतेत?" मी भजी खात राहायचो.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. कुठल्या ना कुठल्या गावात काही ना काही पेटत होतं, कधी या बाजूचा बंद, कधी त्या बाजूचा. गावागावांत लोकांनी एकमेकांचं पाणी बंद केलं होतं. गुत्त्यावर मात्र सगळे एका बाकावर बसायचे आणि तुझ्या गाड्यावर सगळ्यांना पाण्याचा एकच जग, त्याच ताटल्या. तुला दोघं-तिघं येऊन सांगून गेले, ताटल्या वेगळ्या ठेव म्हणून. तू म्हणालीस, "कढईतलं तेल इचारीत न्हाई कुनाला, मी कामून इचारू?" तेव्हा मला ते ऐकायला बरं वाटलं. ते लोक तुझ्यावर दात धरून बसलेत हे मला दिसलं नाही.

अशाच एका बंदात चार-पाच दिवस रस्ते अडले. गुत्त्यावर गूळ येईना, भट्टी लागेना. पण गुत्ता उघडाच होता आणि कुठून तरी डब्यांतून आणलेली दारू मिळत होती.

तो सोमवार होता. मी येताच तू मला गाड्यामागे नेलंस.

"मास्तर, लिव्हा. खारे दाणे, दोन मिरच्या, नुसता रस्सा. तिघांला बी धुरातून बगितल्यागत दिसायलंय. म्हाताऱ्याला तं दिवा लावलेला उमगंना. आन् बंद झाल्यापासून ह्या दारूचा वासच न्यारा हाय. निस्ती उग्र."

मी लिहिलं. लिहिता लिहिता मी तुला ज्ञान शिकवलं. आम्हाला शिबिरात शिकवलं होतं, क्षयाच्या एका गोळीनं काही जणांची नजर मंद होते. "ते गोळ्यांमुळे असणार," मी म्हणालो. "पुढच्या बैठकीत डॉक्टरांच्या कानावर घालतो."

तू वैतागलीस. "आवो, म्हातारा गोळ्या खातच न्हाई! त्याला कुटं क्षय हाय? तो निस्ता रस्सा प्यायला येतो. त्याला कामून दिसंना?"

तेही लिहिलं मी, अक्का. शब्दन् शब्द लिहिला. आणि त्याखाली कंसात माझ्या हातानं लिहिलं, 'गोळ्यांचा परिणाम असावा. पुढच्या बैठकीत.' न शिकलेल्या बाईनं माझी चूक मला तिथल्या तिथं दाखवली होती. तिघांतला एक वेगळा काढून समोर ठेवला होता. याहून पक्कं कुठलं निरीक्षण असतं? पण ते बोलण्यातून आलं होतं, तेही गुत्त्याच्या दारात, तेही तुझ्याकडून. सायकलवर टांग मारून डॉक्टरांकडे जायला मला दहा मिनिटं लागली असती. मी घरी जाऊन जेवलो.

तू गप्प बसली नव्हतीस. तू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतीस, आत जाऊ नका. गुत्त्याच्या मालकानं तुला दम दिला, धंद्यावर येऊ नको म्हणून. काही ऐकले, काही ऐकले नाहीत. गुरुवारपर्यंत चौघं गेले. त्यांत खारे दाणे आणि नुसता रस्सा. दोन मिरच्या वाचला, पण त्याची नजर गेली ती गेलीच.

पुढचं सगळं दोन दिवसांत झालं. मालकानं डबे धुऊन लावले आणि सांगायला सुरुवात केली, दारू तर शंभर जण पितात, पण मेलेले सगळे त्या बाईच्या गाड्यावर खाऊन आले होते. तेलातच काहीतरी होतं. ताटल्यांवरून दात धरून बसलेल्यांना हे हवंच होतं. ते आले आणि त्यांनी तुझा गाडा उलटा केला. कढई मातीत पालथी पडली होती. उकळतं तेल तुझ्या पायावर आलं.

चौकशीला माणसं आली. आमच्या वरच्या ऑफिसचे साहेबही आले. त्यांनी माझे फॉर्म मागवले. त्यांत तो रकाना. 'खाऊन पितो.' मेलेल्यांपैकी तिघं आमचे रोगी, फॉर्मवर त्यांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे माझ्या सुवाच्य अक्षरात 'होय.' कुठं खातात, तर गयाबाईचा गाडा. साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "म्हणजे हे खरं आहे." ते कागद पुरावा झाले. तू त्यांना उपाशी पिऊ देत नव्हतीस याचा तो हिशेब होता, आणि तो तूच त्यांना मारलं असा वाचला गेला.

डॉक्टरांनी मला विचारलं, "गयाबाई आधी काही बोलली होती का? नजरेबद्दल, दारूबद्दल?"

वही माझ्या पिशवीत होती. पिशवी माझ्या मांडीवर होती.

दाराशी तू उभी होतीस. पायाला फडकं गुंडाळलेलं. तू मला पहिल्यांदा आणि शेवटचं एकेरीत म्हणालीस, "मास्तर, सांग की."

मी म्हणालो, "नाही. काही बोलली नव्हती."

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की संस्था बंद पडली असती, रोग्यांच्या गोळ्या थांबल्या असत्या, डॉक्टरांची आयुष्यभराची मेहनत वाया गेली असती. हे सगळं मला नंतर सुचलेलं आहे. त्या क्षणी माझ्या डोक्यात एकच होतं. त्या पानावर खाली माझं अक्षर आहे, आणि पुढच्या महिन्यात मी नोकरीत कायम होणार आहे.

तुला दिवसभर बसवून ठेवलं आणि सोडून दिलं. गुन्हा काही शाबीत झाला नाही. दारूच्या तपासणीचा कागद आला की नाही हे कुणी विचारलंही नाही, बंदोबस्तातच सगळे गुंतलेले. पण पूर्णेत तुझ्या हातचं कुणी खाईना. तू लेकाला घेऊन निघून गेलीस. मी कायम झालो. डॉक्टर काही वर्षांनी गेले, आणि जाईपर्यंत म्हणत राहिले, "त्या बाईनं निदान एक शब्द बोलायला हवा होता." मी त्यांच्या खाटेशेजारी बसून ते ऐकत असे.

सात-आठ वर्षांनी, विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला त्याच सुमारास, माझी एसटी देवगाव फाट्यावर थांबली. लिंबाखाली हॉटेल, ट्रक लागलेले, आणि ओळखीचा आवाज. "ए ड्रायव्हर, बाटली ठीव तितं. आदी खा." मी पुढे आलो. तू पाहिलंस, ओळखलंस, आणि म्हणालीस, "या साहेब." पुन्हा साहेब. तू मला चहा दिलास, भजी दिलीस, लेकरांचं विचारलंस. एका शब्दानं टोचलं नाहीस. निघताना मात्र विचारलंस,

"ती वही हाय का हो?"

मी म्हणालो, "वाळवीनं खाल्ली, अक्का."

तू माझ्याकडे बघून हसलीस. "वाळवीला बी खरं तेच ग्वाड लागतं, बगा."

त्यानंतर मी त्या वाटेनं एसटीनं गेलो की फाट्यावर खाली उतरत नसे.

तू गेल्याचं पेपरात कुठं आलं नाही, मला एका जुन्या रोग्यानं सांगितलं. दहाव्याला आलो तो मागे उभा राहायचं ठरवून. काकस्पर्श झाला, माणसं लिंबाखाली बसली. तुझ्या बोरीकडचा कुणी पाव्हणा शेजारच्याला हळूच म्हणत होता, "पूर्णेला भज्यातून माणसं मारली म्हनतेत, ती हीच ना?" दुसरा म्हणाला, "हां, पन मेलेल्या मानसाचं कामून काढायलास."

अक्का, इतकी वर्षं झाली. ते चौघं विसरले गेले, गुत्ता गेला, मालक गेला, डॉक्टर गेले. आणि हे एवढं तुझ्या दहाव्यापर्यंत चालत आलं होतं.

मी पिशवीतून वही काढली. वाळवीनं खाल्लेली ती वही. उभा राहिलो आणि म्हणालो, मला एक पान वाचायचंय. म्हातारा काहीतरी अभंग-बिभंग वाचणार असं त्यांना वाटलं असेल. मी वाचलं:

'सोमवार. कढई म्हणते, खारे दाणे, दोन मिरच्या, नुसता रस्सा, तिघांना धुरातून बघितल्यासारखं दिसतं. बंदपासून दारूचा वास वेगळा, उग्र. गोळ्यांमुळे असेल म्हटलं तर कढई म्हणते, म्हातारा गोळ्या खातच नाही, मग त्याला का दिसत नाही.'

मग सांगितलं की कढई म्हणजे गयाक्का. ते तिघं कोण, त्यांचं पुढे काय झालं, तेही सांगितलं. आणि शेवटची ओळ वाचली, कंसातली. 'गोळ्यांचा परिणाम असावा. पुढच्या बैठकीत.' ही ओळ माझी, असं म्हणालो. ते चौघं माझ्या पुढच्या बैठकीची वाट बघत मेले, आणि ही बाई माझ्या नाहीमुळे बदनाम झाली.

तो पाव्हणा खाली बघत काडीनं माती उकरत होता. तुझी सून कौसा घरातून बाहेर आली. मला वाटलं आता ही मला हाकलणार, आणि तिनं हाकलावंच.

"तुमीच मास्तर का?" तिनं विचारलं.

"हो."

"आत्याबाई सांगायच्या. कुनी काय बोललं की म्हनायच्या, माजं खरं पूर्णेच्या एका मास्तरच्या वहीत लिव्हून हाय. आमी म्हनायचो, ती तं वाळवीनं खाल्ली म्हनलेत ना मास्तर? तं म्हनायच्या, खोटं बोलला गं. त्यो भितो, पन फाडायचा न्हाई."

तू मला इतकं नेमकं ऐकलं होतंस, आणि तेही मी खोटं बोलत असताना. तीस वर्षं तू माझ्यावर भरवसा ठेवून होतीस, आणि मी एसटीतून उतरत नव्हतो.

माफी मी कौसाकडे मागितली नाही. ती देणं तिच्या हातात नव्हतं, आणि ज्याच्या हातात होतं ते माणूस उठून गेलं. तिनं माझ्यापुढे ताटली ठेवली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "आदी खा, बाबा. मंग काय रडायचं ते रडा." तुझंच वाक्य, अक्का. तुझ्याच सुरात. मी खाल्लं.

वही आता तिच्याकडे आहे. देण्याआधी त्या पानावर मी थोडं काम केलं. कंसातल्या माझ्या ओळीवर काट मारली, पण वाचता येईल अशी. खाली लिहिलं, 'कढई म्हणजे कोण हे या पानावर लिहीत नाही, कारण तिनं नाव लिहू नको म्हणून सांगितलं होतं. पण तिनं सोमवारी मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. विचारलं तेव्हा नाही म्हणालो.'

तुझा नियम मी पाळला, अक्का. त्या अख्ख्या वहीत कुणाचंही नाव नव्हतं. आता एक आहे. पानाच्या तळाशी, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, माझं.